मोकाशींची पाल

मोकाशी आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, “वहिनी, सिलेंडर कुठे असतो तुमचा?”

लोक पाणी मागतात, निदान ‘वास छान येतोय’ एवढं तरी म्हणतात. मोकाशी सरळ स्वयंपाकघरात गेले, ओणवे झाले, गॅसच्या नळीवरची तारीख वाचली आणि म्हणाले, “हिची मुदत संपलीय. आज जेवण होऊ दे. उद्या मी नवीन आणून बसवतो.” मग ते जेवायला बसले, तेही दाराकडे तोंड करून. पाठ दाराकडे असली की बाहेर पडायला उशीर होतो म्हणे. आमटी कशी झाली होती, ते त्यांनी सांगितलं नाही. आमटीमुळे कुणाला इजा झाली नव्हती, म्हणजे ती चांगलीच झाली असणार.

ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीत पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत मी खरेदी विभागात होते आणि मोकाशी सेफ्टी ऑफिसर. कंपनीने भाड्याने घेतलेल्या एकाच इमारतीत आम्ही राहायचो. मी आणि माझा नवरा सुधीर दुसऱ्या मजल्यावर, मोकाशी एकटे तिसऱ्यावर. ऑफिसात ते मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि इमारतीचा जिना लागला की ‘वहिनी’. त्या जिन्यात त्यांच्यामुळे एकही चप्पल, कुंडी किंवा सायकल उरली नव्हती. “जिना हा पळायचा रस्ता आहे,” असं ते म्हणत. आम्ही सगळे तिथून इतकी वर्षं चालतच उतरत होतो, पण मोकाशींना ते तात्पुरतं वाटे.

कारखान्यात त्यांची चाहूल लागली की कामगार “सेफ्टी आया, सेफ्टी आया” करत हेल्मेटचे पट्टे आवळत. ते कुणावर ओरडत नसत. नुसते समोर उभे राहून त्या माणसाच्या उघड्या डोक्याकडे दुःखाने बघत. माणसाला त्यापेक्षा शिवी परवडते. “अपघाताला शुक्रवार नसतो,” हे त्यांचं आवडतं वाक्य. शुक्रवार ही इथली सुट्टी. आम्हाला असते, अपघाताला नसते, असा त्याचा अर्थ. हे वाक्य त्यांनी लग्नात, मुंजीत आणि एकदा एका बारशातही म्हटल्याचं मी ऐकलं आहे.

आमच्या इथल्या मराठी मंडळींचा गणपती एका व्हिलाच्या दिवाणखान्यात बसायचा. आरतीच्या वेळी मोकाशी आग विझवायचा लाल सिलेंडर पायाशी घेऊन कोपऱ्यात उभे. सगळे डोळे मिटून देवाकडे, आणि मोकाशी डोळे उघडे ठेवून निरांजनाकडे. देवाकडे अजिबात न बघता त्याच्याच काळजीत उभा असलेला भक्त त्या खोलीत तेवढा एकच होता.

एका थंडीत इमारतीतल्या कुणीतरी खोली गरम करायला कॉइलचा हीटर लावला आणि तो तसाच ठेवून बाहेर गेला. पडदा करपला, बाकी काही झालं नाही. सोहारची थंडी म्हणजे पातळ चादर पुरते एवढी; तिच्यासाठी हीटर लावणारा माणूस कोण, हे न विचारता मोकाशींनी सगळ्या इमारतींसाठी पत्रक काढलं. कंपनीच्या घरांत हीटर बंद. गरम होणारी कुठलीही वस्तू खोलीत माणूस नसताना चालू ठेवायची नाही. तेव्हापासून भाताचा कुकर लावून मी त्याच्यासमोर उभी राहू लागले. मोकाशी स्वतः इस्त्री करून झाल्यावर प्लग काढून तो हातात घेऊन थोडा वेळ बसत. इस्त्री गार झाल्यावरच उठत.

त्यांची बायको माधवी पुण्याला बँकेत होती. मुलगी सई पाचवीपर्यंत इथल्या शाळेत शिकली आणि मग आईकडे गेली. नोकरी सोहारात, संसार पुण्यात, ही आमच्याकडची रुळलेली रचना आहे. तिच्यावर कुणी डोळे पुसत बसत नाही. मोकाशी शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायचे आणि जेवण झालं की आमच्याच टेबलावर फोन उभा करून सईला लावायचे. ती तेव्हा नववीत होती.

“जेवलीस?”

“हो.”

“शाळा काय म्हणते?”

“ठीक.”

“काही हवंय का?”

“नको. ठेवू?”

“ठेव. थँक यू, बेटा.”

स्वतःच्या मुलीला फोन घेतल्याबद्दल थँक यू म्हणणारा दुसरा बाप माझ्या पाहण्यात नाही. फोन ठेवला की ते सुधीरला सांगत, “मजेत आहे.” सुधीर म्हणे, “वा.” मी भांडी उचलायला घेत असे. कारखान्यात शेकडो माणसांना रोज सकाळी उभं करून न अडखळता बोलणारा हा माणूस एका मुलीपुढे चार वाक्यांत संपत होता, आणि पुढच्या शुक्रवारसाठी त्याच्याकडे पाचवं वाक्य नव्हतं.

ते पाचवं वाक्य एका शुक्रवारी सईनेच आणलं. तिला पाल पाळायची होती. आपल्या घरात फिरते ती नव्हे. लेपर्ड गेको नावाची, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, जमिनीवर राहणारी. तिने त्यावरचे जगातले सगळे व्हिडिओ पाहिले होते. माधवीने तिला दोन वाक्यांत उडवून लावलं होतं: “भिंतीवरच्या पाली मी झाडूने हाकलते. आणखी एक पैसे देऊन आणू?”

“कुत्रा का नको?” मोकाशींनी विचारलं. आवाज कारखान्यातल्या धोक्याच्या तपासणीचा.

“आई नाही म्हणते. आणि बाबा, गेको बेस्ट आहे बिगिनरला. भुंकत नाही, वास नाही, रोज फिरवावं लागत नाही, चावली तरी काही होत नाही. नीट ठेवली तर पंधरा-वीस वर्षं जगते.”

मोकाशींचा चेहरा उजळला. न भुंकणारं, न धावणारं, न चढणारं, जवळजवळ न हलणारं जनावर. निसर्गाने सेफ्टी ऑफिसरला विचारूनच घडवलेलं.

“मग आपण इथे घेऊ,” ते म्हणाले. “ती राहील माझ्याकडे. तू सांगायचं, मी करायचं.”

त्या दिवशी फोन अर्धा तास चालला. मी चहा केला, तो गार झाला, दुसरा केला. मोकाशी निघताना जिन्यात दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा परत येऊन आम्हाला सांगून गेले की त्या पालीला पापण्या असतात.

सुधीरला हे पटलं नाही. घरात पाल चुकचुकली की टेबलावर बोटं आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणणाऱ्या घरातला तो. इंजिनिअर झाला तरी बोटं आपटायची राहिली नाहीत. पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचा पंचांगातला तक्ता त्याला अर्धा पाठ आहे. “उजव्या खांद्यावर पडली तर बरं असतं,” तो मोकाशींना म्हणाला, “पण डोक्यावर पडली तर मात्र…”

“तिला भिंत चढता येत नाही,” मोकाशी म्हणाले. “पायाला चिकटपणाच नाही. पडणार कुठून?”

पंचांगाने या शक्यतेचा विचार केलेला नव्हता.

आम्ही तिला आणायला जवळच्या सहम गावी गेलो. मी गेले कारण मला तिथली मासळी हवी होती, आणि मोकाशींच्या गाडीत बसलं की माणूस सुखरूप पोहोचतो, भले मासळी संपलेली असो. सहमच्या बाजारात नूरभाई परकारचं दुकान होतं. दापोलीकडचा माणूस. दुकानात पोपट, कबुतरांचं खाणं, काचेच्या टाक्यांतले मासे, आणि मागच्या बाजूला काही सरडे-पाली. मोकाशींनी फोन उंच धरला. फोनमध्ये पुण्याहून सई. खरेदी ती करत होती. आम्ही दोघं हमाल.

पहिली पाल फार देखणी होती, केशरी झाक असलेली. नूरभाईने तीच पुढे केली.

“बाबा, टेल दाखव. जवळून. ही नको.”

“का गं? रंग छान आहे.”

“टेल बारीक आहे. त्यांची चरबी शेपटीत असते. शेपूट जाड म्हणजे तब्येत चांगली. आता ती दुसरी दाखव. डोळे बघू. स्वच्छ आहेत? बोटं मोज.”

“बोटं?”

“कात टाकताना जुनी कातडी बोटांना अडकून राहिली तर बोट गळून पडतं. मोज ना.”

मोकाशींनी चष्मा पुसला आणि बोटं मोजली. कारखान्यात ते हेच करत आले होते, त्यामुळे हात सराईत होता. मग सईने नूरभाईला सांगितलं की पाल आमच्यासमोर खाऊन दाखवेल तरच घेऊ.

नूरभाई माझ्याकडे वळला. “भाभी, ही पोर पुढं वकील होनार. सुनेला बघाया जातात तेव्हा पन इतका इचारत नाय कोन.”

दुसऱ्या पालीने एक अळी टिपली, ओठ चाटले आणि पापणी मिटली. सईने फोनमध्ये श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. रंगाने ती साधीच होती, शेपूट मात्र पुष्ट. तिचं नाव तिथल्या तिथे ‘खजूर’ ठेवण्यात आलं.

पुढे सामान. नूरभाईने वाळूची पिशवी काढली, सईने ती परत ठेवायला लावली. वाळू पोटात जाते, तळाला कागदी टॉवेल घालायचे. लपायला तीन जागा, एक गरम बाजूला, एक गार बाजूला, एक ओलसर. किडे, आणि त्यांना लावायची कॅल्शियमची पूड. शेवटी ती म्हणाली, “आणि हीट मॅट. थर्मोस्टॅटसकट. गरम बाजूला एकतीस-बत्तीस डिग्री हवी.”

नूरभाई हसायला लागला तो थांबेचना. “ओमानात हीटर? साहेब, बाहेर पाय ठेवलात तर चप्पल चिकटतेय. ह्या मुलखातल्या पालीला आनखी शेक कशाला?”

बाहेर तेव्हा खरंच गाडीच्या दाराला हात लावायची सोय नव्हती. मीही हसले. मोकाशी हसले नाहीत, पण त्यांच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसलं. दिवसरात्र चालू राहणारी गरम चटई, खोलीत माणूस नसताना, आणि पत्रकाखाली सही कुणाची? सई हट्टाला पेटली म्हणून मॅट विकत घेतली गेली. घरी आल्यावर ती खोक्यासकट टेबलाच्या खणात गेली.

“लावली मॅट?” संध्याकाळी सईने विचारलं.

“लावली,” मोकाशी म्हणाले.

सरकारी तपासनीसासमोर स्वतःच्या कंपनीच्या चुका मोजून दाखवणारा हा माणूस. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं, आणि ते त्याने इतकं वाईट सांगितलं की सुधीरनेसुद्धा वर पाहिलं. फोनवर मात्र ते खपलं.

यानंतरचे काही आठवडे मोकाशींच्या आयुष्यातले सुखाचे होते, असं म्हणायला हरकत नाही. खजूरला खायला घालायच्या वेळी ते गॉगल आणि हातमोजे चढवत आणि लांब चिमट्याने अळी पुढे करत, जणू समोर भट्टी आहे. सई फोनमधून हसायची. एकदा एक रातकिडा डब्यातून निसटला आणि इमारतीच्या एसीच्या नळ्यांत कुठेतरी जाऊन किरकिरत बसला. मोकाशींनी प्रत्येक घराची बेल वाजवून माफी मागितली आणि ‘ही थोडक्यात टळलेली घटना’ असल्याचं सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्या केरळी बाईंना वाटलं गॅस गळतोय. त्या मुलं घेऊन खाली पळाल्या. जिना मोकळा होता, हे मोकाशींनी समाधानाने टिपून घेतलं.

सई आता शुक्रवारची वाट बघत नसे. मंगळवारी फोन, गुरुवारी फोन. खजूरने कात टाकली, खजूरने जांभई दिली, खजूर कोपऱ्यात ठरवून शी करते, बाबा, किती शहाणी आहे. मोकाशी ऑफिसात माझ्या टेबलापाशी येऊन शहाणपणाची ही लक्षणं सांगून जात. मी त्यांना एकदा म्हटलं, “मोकाशी, बोलणं सगळं पालीचंच होतं की दुसरंही काही?”

“पालीचंच,” ते म्हणाले. “पण होतं.”

मग खजूरने खाणं सोडलं.

आधी एक दिवसाआड खायची, मग दोन दिवसांआड, मग चिमट्यातल्या अळीकडे बघून तोंड फिरवायची. दिवसभर लपलेली. उचलली तर हातावर ढिली पडून राहायची. शेपूट बारीक व्हायला लागलं. मोकाशींनी किडे बदलले, कागद बदलला, पाणी उकळून गार करून दिलं. जनावरांचा डॉक्टर शोधला. त्याच्याकडे शेळ्यांची आणि मांजरांची रांग होती. त्याने खजूरकडे आदराने पाहिलं आणि मस्कतला न्या म्हणून सांगितलं.

सईपासून मोकाशींनी हे लपवलं. फोन असा धरायचे की फक्त डोकं दिसावं. “टेल दाखव,” ती म्हणायची आणि नेमकं तेव्हाच नेट जायचं. ज्या गोष्टीच्या आधाराने मुलगी आठवड्यातून तीनदा फोन करत होती, ती गोष्ट काचेच्या पेटीत हळूहळू वाळत होती. ती गेली की शुक्रवार पुन्हा चार वाक्यांवर येणार, हे मोकाशींना कुणी सांगायची गरज नव्हती. ते जेवताना मधेच थांबत. एकदा तर दाराकडे पाठ करून बसले.

आता आमच्या इमारतीतल्या हवामानाबद्दल सांगायला हवं. विजेचं बिल कंपनी भरायची. फुकट थंडी मिळाली की आपला माणूस ती सोडत नाही. मेपासून ऑक्टोबरपर्यंत सगळ्या घरांचे एसी दिवसरात्र चालू, पडदे ओढलेले. ऑफिसला गेलो तरी बंद करायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे, उलट परत आल्यावर घर गार असावं हा हक्क. सुधीर ऑगस्टमध्ये दुलई घेऊन झोपायचा. मोकाशींचा रिमोट वीसच्या खाली असे, आणि ते घरात बिनबाह्यांचा लोकरीचा स्वेटर घालत. अंगात स्वेटर घालून ते पालीच्या पेटीसमोर बसत आणि आम्हाला विचारत, हिला झालंय तरी काय. आम्ही, म्हणजे मी शाल पांघरलेली आणि सुधीर मोजे घातलेला, त्यांच्याबरोबर विचार करत असू.

एका सणाच्या सुट्टीत दुपारी वीज गेली. तिथे असं सहसा होत नाही, त्यामुळे झालं की हाहाकार होतो. थोड्याच वेळात इमारत तापली. लोक पोरंबाळं घेऊन खाली आले आणि आपापल्या गाड्यांत एसी लावून बसले. मोकाशी दिसेनात. इमारत रिकामी करायची अशी सुवर्णसंधी आणि हा माणूस जागेवर नाही, म्हणून मी वर गेले.

दार उघडंच होतं. मोकाशी नुसत्या बनियनमध्ये जमिनीवर बसले होते, घामाने निथळत. स्वेटर कोपऱ्यात पडलेला. त्यांनी मला बोलू नका अशी खूण केली.

खजूर बाहेर आली होती. चारही पायांवर उभी, मान वर. शेपटीचं टोक मांजरीसारखं थरथरत होतं. मोकाशींच्या हातात ना मोजे होते ना चिमटा. त्यांनी बोटांनीच अळी पुढे ठेवली. तिने झडप घातली. दुसरी ठेवली, तीही गेली. तिसरीला ती त्यांच्या बोटापर्यंत आली.

खोलीत श्वास घेता येत नव्हता. मोकाशी पेटीकडे बघत होते, मग त्यांनी भिंतीवरच्या बंद एसीकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या स्वेटरकडे. मला त्यांचा हिशोब होताना दिसला. माझाही त्याच वेळी होत होता.

“वहिनी,” ते म्हणाले, “तिला थंडी वाजत होती.”

“हो.”

“ओमानमध्ये.”

“ओमानमध्ये नाही. तुमच्या घरात.”

“मॅट खणात आहे,” ते म्हणाले. खाली गाड्यांची इंजिनं चालू होती.

मॅट तिथल्या तिथे लावून मोकळं व्हावं, झालं गेलं सईला सांगायची काय गरज, असं माझं स्पष्ट मत होतं आणि मी ते दिलं. सुधीरनेही दिलं. मोकाशी म्हणाले, “घटना घडली की कारण सांगावं लागतं. नाहीतर ती पुन्हा घडते.” शुक्रवारी ते आमच्याकडेच सांगणार होते. असं काही सांगताना साक्षीदार लागतो म्हणे. मी म्हटलं, मला स्वयंपाक आहे. त्यांनी मला बसवलं.

“सई, खजूरला बरं नव्हतं. आता खातेय. चूक माझी आहे. मी मॅट लावली नव्हती.”

“पण तू म्हणालास लावली.”

“खोटं बोललो.”

“का?”

“मला वाटलं गरज नाही. आणि नियम होता.”

“कुणाचा नियम?”

“माझाच.”

फोनमध्ये तिच्यामागे पंखा फिरताना दिसत होता. ती रडली वगैरे नाही. “मी दर वेळी विचारत होते, बाबा,” ती म्हणाली. “दर वेळी तू हो म्हणत होतास. ती मरत होती आणि तू मला फक्त तिचं तोंड दाखवत होतास.” मग फोन बंद झाला. मोकाशींनी तो तरीही थोडा वेळ तसाच उभा ठेवला. त्या दिवशी थँक यू म्हणायला मिळालं नाही.

पुढच्या शुक्रवारी तिने फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्याही. माधवीने निरोप दिला, “तिला जरा वेळ द्या.” मोकाशी जेवून उठायचे आणि सुधीरला ‘मजेत आहे’ म्हणायला तोंड उघडून मिटायचे.

पण काम त्यांनी सोडलं नाही. पत्रक स्वतःच बदललं, आणि बदललेल्या पत्रकाप्रमाणे स्वतःच्याच घरात गरम वस्तू चालवायची लेखी परवानगी स्वतःकडे मागितली. ती लगेच मिळाली नाही. आधी त्यांनी पेटीखाली सिरॅमिकची फरशी घातली, वर धुराचा भोंगा बसवला, पडदे काढून टाकले, मग परवानगी दिली. थर्मोस्टॅट लावला, त्याचा तापमान मोजणारा प्रोब मॅटच्या कडेला चिकटवला. त्या खोलीतला एसी बंद केला तो कायमचा, आणि स्वतः संध्याकाळी तिथेच बसू लागले, खांद्यावर पंचा टाकून. मॅट चालू असताना तिथला एसी बंद असायची गरज नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, खात्री झाली की बघू. मला ती शिक्षा वाटली, पण सेफ्टीच्या माणसाला शिक्षा वेगळी आणि काळजी वेगळी असं सांगण्यात अर्थ नसतो.

रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी ते सईला एक छोटा व्हिडिओ पाठवत. त्यात ते बोलत नसत. आधी तापमापी, मग मॅट, मग वायर, मग खजूर, आणि शेवटी शेपूट, पूर्ण, टोकापर्यंत. निळ्या खुणा उमटत, म्हणजे ती बघत होती. उत्तर येत नसे. मी म्हटलं, “अहो, सॉरी तरी लिहा खाली.” ते म्हणाले, “सॉरी म्हणायला पुरावा लागतो. जमतोय.”

असे बरेच दिवस गेले. मग एके सकाळी खरेदीच्या एका बैठकीत, पाइपसाठी लागणाऱ्या पत्र्याच्या भावावरून माझी एका पुरवठादाराशी हमरीतुमरी चालू असताना, मोकाशी दार न वाजवता आत आले आणि फोन माझ्यासमोर धरला. सईचा संदेश होता.

‘प्रोब चुकीच्या जागी आहे. मॅटच्या कडेला नको, मधोमध हवा. तुला कुणी शिकवलं हे?’

पुरवठादाराला वाटलं, त्याच्याच मालामुळे कारखान्यात काहीतरी फुटलं. त्याने खाली आलेला भाव घाईने आणखी खाली आणला. मी मोकाशींना याबद्दल आजतागायत धन्यवाद दिलेले नाहीत.

प्रोब मधोमध गेला. खजूरचं शेपूट भरलं. पुढे सुधीरला मस्कतला नोकरी मिळाली आणि आम्ही सोहार सोडून तिथल्या दार्सैत भागात जायचं ठरलं. जायच्या दिवशी सामानाचा ट्रक खाली उभा होता. मोकाशींनी सकाळीच येऊन ड्रायव्हरकडून दोऱ्या पुन्हा बांधून घेतल्या होत्या, त्यामुळे तो आमच्यावर चिडलेला. घराची किल्ली मोकाशींकडे ठेवायची होती, आणि इतक्या वर्षांचा शेजार म्हणून चार शब्द बोलायचे होते. मी वर गेले.

दार उघडं. मोकाशी त्याच खोलीत खुर्चीवर, समोर फोन उभा केलेला. खजूर आपल्या बिळात झोपली होती आणि तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. फोनमधून सईचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

“मी केस पूर्ण कापणारे. पूर्ण म्हणजे पूर्ण, मुलांसारखे. शनिवारी. तुला काय वाटतं?”

“आईला विचार,” मोकाशी म्हणाले.

“आईला विचारायचं असतं तर तुला कशाला फोन केला असता? मी तुला विचारतेय. बघ नीट. समोरून असे, आणि बाजूने असे. बाबा, बघतोयस का?”

“बघतोय.”

“मग सांग ना.”

मी दारातून किल्ली उंच करून दाखवली. मोकाशींनी माझ्याकडे न बघता एक हात वर केला आणि टेबलाकडे बोट दाखवलं: तिथे ठेवा. मी ठेवली. मग मी घसा खाकरला, कारण मी कायमची चालले होते. त्यांनी तोच हात पुन्हा हलवला, या वेळी दाराकडे.

“बाजूने पुन्हा दाखव,” ते फोनला म्हणाले. “कान उघडे पडतील का ते बघू दे.”

खालून ड्रायव्हर ‘यल्ला, यल्ला’ करत हॉर्न वाजवत होता. मी दार लोटून घेतलं आणि उतरले.